पिल्लं कोंबडीखालीच वाढवावीत का? ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती कोंबडीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावठाणातल्या घराचा परस असो, येऊरच्या पायथ्याशी पत्र्याची शेड असो, नाहीतर बदलापूर-मुरबाडकडची वाडी असो, दोन ते वीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. शेकड्यांनी पक्षी ठेवणाऱ्या शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

थोडक्यात सांगा, पिल्लं आईकडे ठेवायची की काढून घ्यायची?

कोंबडी गावठी असेल, स्वतःहून खुडूक झाली असेल (म्हणजे अंडी उबवायला खोप्यात बसून राहिली असेल) आणि तिला पिल्लांसकट बंद ठेवायला पक्की जागा असेल, तर पिल्लं तिच्याकडेच ठेवा. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सोडून दिली जाते. आईजवळची पिल्लं मरतात ती बहुतेक वेळा आईच्या चुकीनं नाही, तर आपण तिला दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडतो म्हणून. मोकळी कोंबडी दिवसभर हिंडते. ओल्या गवतातून, गटाराच्या कडेनं, उभ्या गाड्यांखालून ती पुढे जाते आणि सर्वांत मागे राहिलेलं पिल्लू कावळा उचलतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आई हवी, पण पहिले तीन आठवडे बंदिस्त.

काढून घ्यायची वेळ येते ती चार कारणांनी: कोंबडी पिल्लांना टोचते, ती आजारी आहे किंवा उवांनी भरली आहे, पिल्लं तिच्या पंखांत मावणार नाहीत इतकी जास्त आहेत, किंवा तुम्हाला ती लवकर अंड्यावर यायला हवी आहे.

माझी कोंबडी आई म्हणून चालेल का, हे आधी कसं कळेल?

खरी खुडूक कोंबडी दिवसरात्र खोपा सोडत नाही. हात नेला की पिसं फुलवते, घशातून खरखर आवाज काढते, चोच मारते. छातीखाली हात घातला तर पिसं गळून उघडी पडलेली गरम कातडी लागते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, एक मोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत बसते.

खात्री करायची असेल तर खऱ्या अंड्यांऐवजी दोन-तीन जुनी अंडी किंवा प्लास्टिकची अंडी खाली ठेवा आणि तीन रात्री बघा. रात्री ती खोप्याऐवजी दांडीवर जाऊन बसत असेल तर ती अजून पक्की खुडूक नाही. तिच्याखाली चांगली अंडी घालू नका. दहाव्या दिवशी उठून गेली तर सगळी वाया.

पहिल्यांदाच बसणाऱ्या तलंगेला, म्हणजे तरुण कोंबडीला, सहा-सातच अंडी द्या. मागच्या खेपेला जिनं पिल्लं नीट वाढवली ती कोंबडी कितीही साधी दिसली तरी विकू नका. असा गुण बाजारात मिळत नाही.

गिरीराज, वनराज, कडकनाथ या जातींच्या कोंबड्यांखाली अंडी बसवता येतील का?

गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया यांच्यात खुडूकपणा जवळपास नाहीच, कारण जास्त अंड्यांसाठी निवड करताना तो मुद्दाम कमी केला गेला. कडकनाथ मादी खुडूक झाली तरी टिकून बसेल याचा भरवसा धरू नये. पांढऱ्या अंड्यांच्या लेअर कोंबडीबद्दल तर प्रश्नच नाही. या सगळ्यांची अंडी गावठीखाली ठेवावीत. असील मादी उत्तम आई असते, मुंगसाच्याही अंगावर जाते, पण अंगानं जड असते. तिच्याखाली पातळ कवचाची अंडी ठेवली तर फुटतात.

अंडी किती आणि कशी ठेवावीत?

मध्यम गावठी कोंबडीखाली दहा ते बारा. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा पुरे. बसल्यावर एकही अंडं तिच्या पिसांबाहेर दिसता कामा नये. जास्त ठेवली तर कडेचं अंडं गार पडतं, मग ती फिरवते तेव्हा दुसरं कडेला येतं, आणि अशा फेऱ्यांत सगळीच अर्धवट राहतात.

अंडी साठवताना टोकाकडची बाजू खाली ठेवा. धुऊ नका, कवचावरचा संरक्षक थर जातो. एरवी सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात. एप्रिल-मेमध्ये मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका, कारण आपल्याकडच्या खोलीतल्या उष्णतेतच अंड्यात वाढ सुरू होते आणि मध्येच थांबते. असा गर्भ नंतर कोंबडीखाली गेला तरी बहुधा मरतो. फ्रिजच्या दारातली अंडीही नकोत. घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाजवळ, ओल लागणार नाही अशी टोपली पुरते.

खोप्यासाठी चौदा-पंधरा इंच रुंद, पाच-सहा इंच खोल टोपली घ्या. तळाला दोन इंच कोरडी माती किंवा रेती घालून मध्ये किंचित खळगा करा, वर भाताचा पेंढा. खळग्यामुळे अंडी आपोआप मधोमध येतात.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहा. आत काळा ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ आहे. स्वच्छ पिवळसर दिसलं तर अंडं रिकामं. ते काढून टाका, नाहीतर सडून फुटतं आणि बाकीच्यांवर घाण पसरते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा बघा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात, जुन्या अंड्यांतली एखाद्या दिवसानं उशिरा.

विजांच्या गडगडाटानं अंडी फुकट जातात का? खोप्यात लोखंड ठेवावं का?

नाही. आवाजानं गर्भ मरत नाही. पावसाळ्यात अंडी वाया जातात ती ओलीनं, गळक्या पत्र्यानं, चिखल लागलेल्या अंड्यांनी आणि कोंबडी घाबरून खोपा सोडून गेल्यानं. लोखंडाचा तुकडा ठेवून नुकसान नाही, पण त्यापेक्षा पत्र्याचं भोक बुजवा आणि टोपली जमिनीपासून फूटभर उंच ठेवा.

पिल्लं निघताना आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

जवळजवळ काहीच नाही, आणि हेच लोकांना जमत नाही. पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज राहतं, म्हणून खाण्याची घाई नको. कवच फोडून मदत करू नका. आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटायच्या आत तो फाडला तर पिल्लू रक्तस्रावानं जातं.

रिकामी कवचं तेवढी संध्याकाळी हलक्या हातानं काढा. आधी निघालेली चार पिल्लं पाहून कोंबडी दुसऱ्या दिवशी उठू लागली आणि खाली अजून टोचलेली अंडी असतील, तर निघालेली पिल्लं सुकल्यावर एका खोक्यात फडक्याखाली ठेवा आणि रात्री परत तिच्याखाली सोडा. नाहीतर ती उशिराची अंडी टाकून निघते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन पाणी दाखवा. भांडं उथळ हवं, पाणी एक इंचापेक्षा कमी आणि त्यात गोटे टाकलेले. चहाच्या बशीतही पिल्लू बुडून मरतं, कारण कोंबडी पाय मारून त्याला आत ढकलते. पाण्याच्या पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ चालेल, संध्याकाळी ते पाणी फेकून द्या, आंबतं.

बंद ठेवायचं म्हणजे कशात? डालगं (बांबूची उपडी टोपली) पुरेल का?

दिवसा, तुम्ही समोर असताना पुरेल. रात्री नाही. घूस डालग्याखालून माती उकरून आत येते आणि एका रात्रीत सगळी पिल्लं नेते. मांजर डालगं उलटवतं. साप तर बांबूच्या फटीतून सरळ आत जातो.

चार फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच असा पिंजरा करा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची कडक चौकोनी जाळी, हवी. षट्कोनी पातळ कोंबडीजाळी कुत्रा दातानं फाडतो आणि तिच्या भोकातून उंदीर शिरतो. खालच्या बाजूलाही तीच जाळी लावा आणि तिच्यावर दोन-तीन इंच साळीचं तूस पसरा. एका टोकाचा दीड फूट भाग तीन बाजूंनी फळीनं बंद ठेवा, कोंबडी पिल्लांना घेऊन तिथे बसेल. दाराला खिट्टी नको, कडी लावा.

तूस रोज वरखाली करा. मुठीत दाबून सोडलं की मोकळं व्हायला हवं. गोळा होत असेल तर बदला.

तीन आठवड्यांनी पिल्लांना पंख फुटलेले असतात आणि आईच्या हाकेला ती धावतात. तेव्हा आधी संध्याकाळी तासभर सोडा. ती वेळ मुद्दाम, कारण अंधार पडू लागला की कोंबडी स्वतःच पिल्लांना घेऊन घरी वळते, तुम्हाला पाठलाग करावा लागत नाही.

कावळे आणि घारींचं काय करायचं?

शहरात घारीपेक्षा कावळा जास्त पिल्लं नेतो. मासळीबाजार, कत्तलखाना किंवा कचराकुंडीजवळ घर असेल तर दोघंही भरपूर. मोकळ्या जागेवर जुनं मासेमारीचं जाळं सहा-सात फुटांवर ताणून बांधा. कोळीवाड्यात ते सहज मिळतं आणि त्याहून स्वस्त उपाय नाही. जाळं सैल लोंबू देऊ नका, त्यात इतर पक्षी अडकतात. चकचकीत पट्ट्या आणि सीडी टांगून चार दिवसच उपयोग होतो, मग कावळा सरावतो.

आईजवळ वाढल्यानं पिल्लांना नेमकं काय मिळतं? बल्बखाली वाढवली तर काय बिघडतं?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऊब, आणि हवी तेव्हाच. पिल्लू गारठलं की पंखाखाली शिरतं, गरम झालं की डोकं बाहेर काढतं. वीज गेली तरी हे चालूच. आई खाणं सापडलं की तुटक कुट-कुट आवाज करत दाणा उचलून टाकते. ती हाक ऐकून पिल्लू काय खायचं ते शिकतं. घारीची सावली पडली की वेगळा लांब आवाज, आणि सगळी पिल्लं जागच्या जागी थिजतात. बल्बखालच्या पिल्लाला हे दोन्ही उशिरा आणि ठेचा खाऊन कळतं. शिवाय आईच्या विष्ठेतून पोटातले उपयोगी जिवाणू पिल्लाला लवकर मिळतात.

तिच्याकडून वाईटही मिळतं. उवा, पिसवा, जंत आणि रक्ती हगवण ही आईकडूनही येते. म्हणून अंड्यांवर बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला करून बघा. उवा दिसल्या तर पशुवैद्याकडून पावडर घेऊन तेव्हाच लावा. पिल्लं निघाल्यावर त्यांच्या अंगाला ती पावडर लावायची नाही.

खुडूक बसली आणि पिल्लं वाढवली की अंडी किती महिने बंद?

गावठी कोंबडी एका पाळीत दहा-पंधरा अंडी देते, त्याला साधारण तीन आठवडे जातात. मग २१ दिवस उबवणं. मग पिल्लं सांभाळणं दीड ते दोन महिने, कधी त्याहून जास्त. सगळं धरून एक फेरी साडेतीन-चार महिन्यांची, म्हणजे वर्षाला तीनच फेऱ्या.

पिल्लं तीन आठवड्यांनी वेगळी केली तर ती साधारण दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येते आणि वर्षाला एखादी फेरी जास्त मिळते. अंडी विकणाऱ्या घराला हा हिशोब पटतो. फक्त त्या पिल्लांना पुढचा आठवडाभर रात्री ऊब द्यावी लागेल, ती तयारी आधी ठेवा.

याहून चांगला जुना मार्ग असा: दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवा. पिल्लं निघाली की सगळी एकीला द्या, दुसरीला वेगळ्या जागी हलवा. मार्च ते मेमध्ये चांगल्या आईला पंधरा-सोळा पिल्लं झेपतात. थंडीत आणि पावसात दहा-बारा, त्याहून जास्त नाही.

मशीनमधली पिल्लं विकत आणून खुडूक कोंबडीखाली घालता येतात का?

येतात, पिल्लांचं वय एक-दोन दिवसांचं असेल आणि कोंबडी किमान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली असेल तर. रात्री दहानंतर, दिवा न लावता, एकेक अंडं काढून त्या जागी एकेक पिल्लू सरकवा. पहाटे उजाडताना तिथे हजर राहा, पहिली दहा मिनिटं निर्णायक असतात. ती हळू आवाजात बोलू लागली तर जमलं. आठवड्याचं पिल्लू तिनं स्वीकारलं तरी ते पिल्लूच तिला आई मानत नाही.

कोंबडी पिल्लांना टोचते आहे. थांबावं की काढून घ्यावं?

पहिल्या खेपेची कोंबडी पहिल्या पिल्लाच्या हालचालीनं दचकून एखादी चोच मारते. पिल्लू ओरडून परत पंखाखाली गेलं तर चालू द्या. डोक्यावर रक्त दिसलं तर लगेच काढा आणि सगळी अंडी निघाल्यावर रात्री एकदाच परत ठेवून बघा. सकाळी पुन्हा टोचलं की विषय संपला, पिल्लं बल्बखाली न्या. कधी फक्त वेगळ्या रंगाच्या पिल्लालाच मारते, मग तेवढंच वेगळं करा, पण एकटं ठेवू नका, सोबत एक भावंड द्या.

सहा-आठ आठवड्यांनंतर टोचू लागली तर तो दोष नाही. तिनं पिल्लं तोडली, म्हणजे तिचं काम झालं.

बल्ब लावायचा तर किती आणि कोणता?

एलईडी नको. तो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि आजकाल घराघरांत तोच असल्यानं पिल्लं गारठून मरतात. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब लागतो. वीस-पंचवीस पिल्लांना ६० वॅटचा एक, थंडीत १०० वॅटचा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो.

थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पसरून झोपली असतील तर ठीक.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको, पिल्लं गुदमरतात आणि घरातल्या माणसांनाही धोका असतो.

आई आणि पिल्लांचं खाद्य वेगळं ठेवायचं का?

नाही. दोघांनाही चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं. आई तेव्हा अंडी देत नसते, तिला जादा कॅल्शियमची गरज नसते. उलट अंड्यावरच्या कोंबडीचं लेअर खाद्य पिल्लांनी खाल्लं तर त्यातल्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं जगतात पण खुरटतात, पंख लोंबतात. कणी द्या, जोडीला. पावसाळ्यात खाद्याला बुरशीचा वास आला तर ते पोतं फेका, उन्हात वाळवून वापरू नका.

लस द्यायची का? आईजवळची पिल्लं पकडायची कशी?

द्यायलाच हवी. मानमोडी (राणीखेत रोग) आली की गल्लीतला एकही पक्षी उरत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्याला लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यानंतर मानमोडीचीच आर-टू-बी लस. हा नेहमीचा क्रम, पशुवैद्य तुमच्या भागाप्रमाणे बदलू शकतील.

लशीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूच्या चार घरांनी एकाच दिवशी मिळून द्यावी. आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. पिल्लं रात्री पकडा, आईच्या पंखाखालून एकेक काढा, थेंब टाका, आत गेला की परत सोडा. दिवसा पकडायला गेलात तर ती तुमच्या तोंडावर उडेल.

पावसाळ्यात बसवावी का?

जून-जुलैत शक्यतो नको. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओल्या तुसात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण हमखास येते. पिल्लू पिसं फुलवून डोळे मिटून उभं राहतं, विष्ठेत रक्त दिसतं. त्याच दिवशी पशुवैद्याला विचारून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध सुरू करा आणि तूस बदला. दोन दिवस वाट पाहिली तर अर्धी पिल्लं जातात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. आषाढ अमावास्येला, गटारीला गावठी कोंबडा विकायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लं निघाली पाहिजेत. गावठी कोंबडा अंगानं भरायला पाच-सहा महिने घेतो.

पिल्लं नकोत, खुडूकपणाच मोडायचा आहे. कसा?

तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, हवेशीर उजेडाच्या जागी, पेंढा न घालता तीन-चार दिवस ठेवा. खाणं-पाणी पूर्ण द्या. खालून पोटाला हवा लागली की ऊब उतरते. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं, उपाशी ठेवणं हे प्रकार करू नका. कोंबडीला त्रास होतो, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पिंजऱ्यानं काम होतंच.

सोसायटीत, गॅलरीत पिल्लं वाढवता येतील का?

आमचा सल्ला नको असा आहे. आवाज, वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी बाजूला ठेवल्या तरी कोंबडीला माती लागते. धूळस्नान मिळालं नाही की उवा हटत नाहीत. गावठाणात घर असलं तरी महापालिकेचे नियम आणि शेजाऱ्यांची संमती आधी विचारून घ्या.

एकदम बरेच पक्षी मेले तर?

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला आणि एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. त्यामुळे आजूबाजूला कावळे, बगळे किंवा कोंबड्या अचानक मरू लागल्या तर मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, कापू नका, नाल्यात टाकू नका. उरलेले सगळे बंद ठेवा, कोणालाही विकू किंवा देऊ नका, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खुडूक कोंबडी बसलेली असेल तर तिलाही हलवू नका, पथक येऊन काय सांगतं ते होईपर्यंत खाणं-पाणी जागेवरच द्या आणि त्या खुराड्यातली चप्पल बाहेर वापरू नका.